खुंटीवरचा हात

जव्हारला कायमचा राहायला आलो त्या पहिल्याच पावसाळ्यात मी जाहीर करून टाकलं की इथले रातकिडे संपले. सकाळी फिरायला येणाऱ्या मंडळींना थांबवून थांबवून सांगितलं. जंगल तुटलं, शेताशेतांत फवारे आले, मग किडे राहणार कसे? एका निवृत्त गुरुजींनी तर, "नामदेवराव, यावर तुम्ही लिहाच," असा आग्रह धरला. घरी येऊन हिला सांगितलं, तर ती चहा गाळता गाळता थांबली. "अहो, काल संध्याकाळी मला दार लावून घ्यावं लागलं. कानठळ्या बसत होत्या." साखरशेतहून माझी थोरली बहीण आली होती. तिला आम्ही सगळे बाय म्हणतो. ती नाचणीची भाकरी थापता थापता म्हणाली, "रातकिडं नाय? बहिरा झालास का रं नामा?" दोघी हसल्या. मीही हसलो.

आता ते हसणं आठवलं की तोंड लपवावंसं वाटतं, कारण माझा धंदाच कानाचा.

मी व्हायोलिन वाजवतो, आणि व्हायोलिनवाल्यांच्या ताफ्यापुढे उभा राहून तो चालवतो. म्हणजे कंडक्टर. कंडक्टर म्हटलं की एसटी आठवते हे मला ठाऊक आहे, तो विनोद आमच्या पाड्यात सगळ्यांचा करून झालाय. आमच्या ताफ्याचं संगीत बरोक. युरोपात साधारण आपल्या शिवशाहीपासून पेशवाईच्या मध्यापर्यंत जे वाजत होतं, ते. दरबारात वाजायचं, चर्चमध्ये वाजायचं, आणि पुष्कळसं तर नाचासाठीच रचलेलं असायचं. बायला हे एकदा मोबाईलवर दाखवलं होतं. तिने शेवटपर्यंत बघितलं आणि विचारलं, "इतकी लोकां वाजवतात, मंग नाचत कोण नाय?" या प्रश्नाला आमच्या धंद्यात आजवर कोणी धड उत्तर दिलेलं नाही.

साखरशेतचा पोरगा यात कसा पडला, हे मला मुलाखतींत इतक्या वेळा विचारलंय की आता थोडक्यात उरकतो. जव्हारच्या वसतिगृहात होतो. गावात संस्थानच्या काळच्या बँडमधले एक म्हातारे मास्तर राहायचे. त्यांच्याकडे व्हायोलिन होतं आणि ऐकणारं कोणी नव्हतं. पुढे नोकरीनिमित्त वसईला गेलो. तिथे चर्चच्या वाद्यवृंदात जोसेफ भेटला. तो चेलो वाजवतो, म्हणजे दोन गुडघ्यांत धरायचं थोरलं व्हायोलिन. चाळीस वर्षं झाली, अजून माझ्याबरोबर आहे. मग हॉलंडची शिष्यवृत्ती मिळाली, तिथे या जुन्या संगीताचं वेड लागलं आणि परत येऊन मुंबईत ताफा उभा केला. झालं.

धंदा मात्र नीट समजावून सांगायला हवा, त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

आजच्या व्हायोलिनला बहुतेक धातूच्या तारा असतात. आमच्या आतड्याच्या. मेंढीचं आतडं पिळून, सुकवून, घासून केलेल्या. ताफ्यातली पहिली व्हायोलिनवाली अनघा पुण्याची, शुद्ध शाकाहारी घरातली. तिने आजीला अजून सांगितलेलं नाही. देवघराशेजारच्या खोलीत बसून ती रियाज करते आणि आजी म्हणते, किती गोड वाजतंय गं. गोड वाजतंच. धातूसारखा तो आवाज चमकत नाही, माणसाच्या गळ्याजवळ जातो. पण अशी तार म्हणजे घरातलं लाडावलेलं माणूस. हवा दमट झाली की रुसली, कोरडी झाली की रुसली. दर दहा मिनिटांनी खुंटी पिळून तिची समजूत घालावी लागते. दुसरं म्हणजे आमचा मूळ सूरच आजच्या पट्टीपेक्षा अर्ध्या सुराने खाली असतो. आणि तिसरं, आम्ही सूर सहसा हलवत नाही. आजकालचे वादक तारेवर बोट थरथरवतात. त्या थरथरीत थोडं खाली-वर झालेलं खपून जातं. आमच्याकडे सूर धरला की सरळ धरला. चुकला तर उघडा पडला. हे मी विद्यार्थ्यांना मोठ्या ऐटीत सांगायचो. "इथे झाकायला पांघरूण नाही रे बाबांनो!"

गिऱ्हाइकं मात्र एकेक नमुनेदार. एका लग्नाच्या स्वागत समारंभात यजमान आमच्यापुढे येऊन उभे राहिले, डोळे मिटले, आणि एकदम चुटकी वाजवून म्हणाले, "हां! गॅसचा नंबर लावताना थांबवून ठेवतात तेव्हा हेच वाजतं!" त्यांना इतका आनंद झाला की तोच भाग पुन्हा वाजवायला लावला. एका मोठ्या हॉटेलवाल्यांना आम्ही पांढरे टोप घालून वाजवायला हवे होतो, त्या काळचे उमराव घालायचे तसे, शेळीच्या कानांसारख्या बटा लोंबणारे. भर मे महिना. जोसेफचा टोप घामाने घसरून नाकावर आला, तरी तो वाजवत राहिला, मध्येच फूं फूं करून बटा उडवत. मला हसू येत होतं आणि मेल्याहून मेल्यासारखंही होत होतं. साखरशेतचा मी, डोक्यावर फिरंग्याचे पांढरे केस!

त्याहून वाईट असायचं ते निवेदन. कार्यक्रम कुठेही असो, निवेदक माझं नाव घेण्याआधी आवाज भिजवून घ्यायचा. "जिथे वीजही पोचली नव्हती अशा डोंगरातल्या पाड्यावरून..." मग टाळ्या. मी एक सूर वाजवण्याआधीच टाळ्या! एका बाईंनी मला सत्कारात सांगितलं, "तुम्हाला माणसांत आणणाऱ्या गुरूंना माझा नमस्कार." मी शाल खांद्यावर घेऊन उभा. माणसांत आणलं म्हणजे? आधी कशात होतो? घरी आल्यावर दोन दिवस मी हिच्याशीसुद्धा धड बोललो नाही. मी मुळातच तापट, त्यात हे असं काही झालं की ताफ्यातल्या पोरांची धडगत नसायची.

म्हणून एक कार्यक्रम जव्हारला करायचा, हे फार दिवस मनात होतं. जिथे कोणी आवाज भिजवून माझी ओळख करून देणार नाही. बायने मला मोबाईलमध्ये बघितलं होतं, पण ताफ्यापुढे उभा असलेला, हाताखाली इतकी माणसं वाजवताहेत असा कधी बघितला नव्हता. तिच्या कष्टांवर मी शिकलो. आई गेल्यावर घर तिनेच धरलं. एकदा, फक्त एकदा, तिने पहिल्या रांगेत बसून बघावं, एवढीच इच्छा होती. गेल्या पावसाळ्यात ते जुळून आलं. गावातल्या एका शाळेने सभागृह दिलं, ताफा मुंबईहून दोन दिवस आधी आला.

त्याआधी कैलासबद्दल सांगायला हवं.

कैलास मोखाड्याचा. आमच्या भागातून या संगीतात आलेला माझ्यानंतरचा दुसरा माणूस. मीच शिकवला, मीच मुंबईला नेला, व्हायोलिनांच्या दोन गटांपैकी दुसऱ्याचा प्रमुख केला. काय गज चालवायचा पोरगा! पण मला पलटून बोलायचा. या कार्यक्रमाच्या आदल्या पावसाळ्यात मुंबईत तालीम चालू असताना मी त्याला म्हटलं, "कैलास, वरची तार खाली आहे."

"नाय सर, बरोबर आहे."

"खाली आहे म्हणतो ना! पाऊस बघ बाहेर. उतरलीय."

त्याने मोबाईल काढला, सूर दाखवणारं यंत्र असतं त्यातलं ते लावलं आणि तार छेडली. काटा बरोब्बर मध्यावर. कैलासने मोबाईल माझ्याकडे वळवला. उद्धटपणाने नाही, पण वळवला. सगळा ताफा बघतोय. माझं डोकंच फिरलं.

"यंत्राचं ऐकायचं तर यंत्राकडेच शिक," मी ओरडलो. "मोखाड्याच्या शेतातून उचलून तुला माणसांत बसवला, आणि मला काटा दाखवतोस?"

कैलासने व्हायोलिन पुसलं, पेटीत ठेवलं आणि गेला. पुढे कळलं की तो मोखाड्याजवळच्या एका आश्रमशाळेत संगीत शिकवतो. मी म्हटलं, बरं झालं. अहंकार असला की असंच व्हायचं. हे मी कैलासबद्दल म्हणत होतो!

त्याच सुमारास मी स्वतः व्हायोलिन वाजवायचं थांबवलं होतं. कानाशी धरलं की वरचे सूर आंबट लागायचे. मी लोकांना सांगायचो, आता तरुणांना पुढे करतोय, मी नुसते हात चालवणार. आणि कोणाची तार खाली वाटली की हवेला शिव्या द्यायचो. आमच्या धंद्याइतकी चांगली सबब दुसऱ्या कुठल्या धंद्यात मिळणार? आतड्याची तार, कोकणची हवा. माझ्या कानाचा दोष आहे असं म्हणायची वेळ कोणावर येतच नव्हती.

आता तो दिवस.

कार्यक्रमाच्या आदल्या दुपारी सभागृहात तालीम. जव्हारच्या पावसाळ्यात धुकं असं येतं की समोरचं झाड दिसत नाही. मुंबईची पोरं खिडकीतून हात बाहेर काढून बघत होती, धुकं हाताला लागतं का. शेवटी ते आत यायला लागलं तशा खिडक्या लावून घेतल्या. तारांची तर रडारडच चालू होती. मी एकेकाची तार लावून घेत होतो. ही माझी पद्धत. मी समोर उभा राहणार, एकेकाकडे बोट दाखवणार, त्याने तार छेडायची, मी म्हणणार वर किंवा खाली, त्याने खुंटी पिळायची, आणि मी मान डोलावली की पुढचा. जोसेफचं झालं. अनघाकडे आलो.

"खाली आहे. वर घे."

तिने हात खुंटीकडे नेला, तेवढ्यात दिवे गेले. खिडक्या बंद, बाहेर धुकं. भर दुपारी मिट्ट काळोख. पोरं ओरडली, हसली. मी म्हटलं, "थांबायचं काही कारण नाही. कान आहेत ना? अनघा, वाजव."

तिने तार छेडली.

"अजून खाली. घे वर."

थोडा वेळ गेला. "घेतली, सर." पुन्हा तार वाजली.

"नाही गं, तिथेच आहे."

"घेतली, सर."

"तिथेच आहे म्हणतो! काय करतेस काय तू?"

हसणं केव्हाच थांबलं होतं. काळोखात कोणी हलेना. तिने परत तार छेडली आणि मी परत म्हणालो, खाली.

आणि दिवे आले.

अनघाचा हात मांडीवर होता. दिवे आल्याबरोबर तो झपकन खुंटीकडे गेला. खुंटीला लागला, पिळल्यासारखा झाला. मी ते बघितलं. ती खुंटी तसूभरही फिरली नव्हती. तिने तार वाजवली, माझ्याकडे बघितलं, आणि माझी मान, अहो, सवयीने माझी मान डोलली! हात खुंटीकडे गेलेला दिसला, की माझ्या कानाला सूर बरोबर लागलेला ऐकू येत होता.

मग मी ताफ्याकडे बघितलं. सगळे खाली बघत होते. कोणाचा चेहरा चकित नव्हता. मला वाटलं जमीन दुभंगावी.

"नामदेव," जोसेफ उठला, "चल. चहा घेऊ."

एसटी डेपोसमोरच्या टपरीवर आम्ही बसलो. जोसेफ बशीत चहा ओतून घेतो, फुंकतो, सगळं सावकाश. मी म्हटलं, "कधीपासून?"

"सोड ना आता."

"जोसेफ, कधीपासून?"

"कैलासच्या आधीपासून," तो म्हणाला. "अरे बाबा, पोरं आपापली तार आधीच बाहेर लावून येतात. तू वर म्हणालास की खुंटीला हात लावायचा, तू खाली म्हणालास की हात लावायचा. तू बघतोस, तुला पटतं. झालं. आणि वाजवताना सगळे माझ्याकडे आणि अनघाकडे बघतात. तुझ्यामागून आम्ही नाही रे वाजवत. आमच्यामागून तू हात हलवतोस."

डेपोत नाशिकची गाडी लागली होती. लोक चढत होते.

"कैलासला तू काढलंस त्या दिवशी आम्ही बोलायला पाहिजे होतं," जोसेफ म्हणाला. "तो खरा होता, आणि आम्हा सगळ्यांना ते माहीत होतं. त्याची लाज मला पण आहे."

पुढे नाशिकच्या कानाच्या डॉक्टरांनी मला नीट समजावलं. व्हायोलिन डाव्या कानाखाली असतं, म्हणून तो कान आधी जातो. वरचे सूर जातात, आणि उरलेले त्या कानाला जागेवरून सरकलेले ऐकू येतात. पुष्कळ वादकांना होतं, लाज वाटण्यासारखं काही नाही, असंही ते म्हणाले. डॉक्टर भला माणूस. कान जाण्याची लाज मलाही फारशी नव्हती. मान डोलावण्याची होती.

सभागृहात परतलो तर अनघा पायरीवर बसली होती. मी विचारलं, "असं का केलंस?" खरं सांगतो, मला वाटलं ती म्हणेल, सर, तुमच्याबद्दल आदर होता, तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून. मी ते ऐकायला तयार होऊन उभा होतो.

"भीती वाटली," ती म्हणाली. "कैलासदादाचं काय केलंत ते बघितलं होतं. मला ताफा सोडायचा नव्हता."

एवढंच. तिच्या डोळ्यांत पाणीबिणी काही नव्हतं. राग होता, आणि तो बरेच दिवसांचा दिसत होता.

घरी हिला सांगितलं. ती म्हणाली, "रातकिड्यांच्या वेळीच म्हटलं होतं तुम्हाला." मग म्हणाली, "उद्या काय करणार?" तिलाही ठाऊक होतं. टीव्हीचा आवाज, दाराची घंटा, कुकरची शिट्टी. सगळ्या घराला, सगळ्या ताफ्याला ठाऊक होतं. ज्याचे कान, त्यालाच तेवढं ठाऊक नव्हतं.

सकाळी पहिल्या गाडीने मोखाड्याला गेलो. कैलासचा पाडा रस्त्यापासून आत, चिखलातून चालत जावं लागतं. रविवार होता. घरात नव्हता, भाताच्या खाचरात बेणणी करत होता, तण उपटत. त्याच्या बायकोने बांधावरूनच हाक मारली, "अवं, तुमचं सर आलं!" तो वाकलेला सरळ झाला, मला बघितलं, आणि पुन्हा वाकून मूठभर बेण उपटून बांधावर टाकली. मग आला. हात कोपरापर्यंत चिखलाने भरलेले.

वाटेत मी पुष्कळ जुळवाजुळव केली होती. तब्येतीपासून सुरुवात करायची, वयावर यायचं, असं. त्याला बघितल्यावर सगळं विसरलो.

"कैलास, तुझं बरोबर होतं."

"कधीचं, सर?"

"त्या दिवशीचं. तार बरोबर होती."

"ते मला माहीत व्हतं," तो म्हणाला. "तुमाला आता कळलं, इतकंच."

मी सगळं सांगितलं. काळोख, खुंटी, मांडीवरचा हात. तो ऐकत होता, बांधालगतच्या पाण्यात हात धूत होता. हसला नाही, हे त्याचे उपकार. मी म्हटलं, "आज संध्याकाळी कार्यक्रम आहे. माझ्या जागी तू ताफा चालव. वाजवतच चालव, त्या काळी व्हायोलिनवालाच चालवायचा तसा. मी हात हलवणार नाही."

त्याने हात झटकले. मग म्हणाला, "तारेचं मला काय नाय वाटलं, सर. कान चुकतो. माझापन चुकेल. पन माणसांत बसवला म्हणालात. माझा बा त्याच दिवशी मुंबईला आल्ता, बाहेर बाकावर बसलेला. त्याने ऐकलं."

हे मला माहीत नव्हतं. जे सुचलं ते बोलून गेलो. "माझ्याबद्दलही लोक तेच म्हणायचे रे. स्टेजवर, शाल घालून."

कैलासने माझ्याकडे सरळ बघितलं.

"मंग तुमाला त माहीत व्हतं ना, कसं लागतं ते."

त्या बांधावर, आजूबाजूला बेणणी करणारी माणसं बघत असताना, मी हात जोडले. कोपरापासून नीट जोडले, सत्काराला जोडतो तसे नाहीत. त्याने पटकन माझे हात खाली केले. "नका सर, लोकं बघतात," म्हणाला. मग घराकडे चालायला लागला. घरात त्याचे वडील खाटेवर बसले होते. त्यांच्यापुढेही मी हात जोडले. ते म्हणाले, "बसा, चहा घ्या." चहा घेतला.

"येतो," कैलास व्हायोलिनची पेटी पुसत म्हणाला. "पन माझी तार बरोबर असली, आन कोणी खाली म्हटलं, त मी नाय म्हणनार. आत्ताच सांगतो."

"म्हण," मी म्हटलं.

त्याच्या मोटारसायकलवर मागे बसून, त्याचं व्हायोलिन पाठीला लावून, मी धुक्यातून जव्हारला आलो. वाटेत तो दोनदा काहीतरी बोलला. वाऱ्यात मला काही कळलं नाही. पूर्वीचा मी असतो तर "हां हां" म्हटलं असतं. त्याला म्हटलं, "ऐकू आलं नाही, परत सांग." तो परत बोलला. घाटात वळण आहे, घट्ट धरा, एवढंच सांगत होता.

संध्याकाळी सभागृह भरलं. गुरुजी लोक, शाळेची मुलं, कचेऱ्यांतली मंडळी, आणि साखरशेतहून टेम्पो करून आलेला आमचा सगळा पाडा. बाय पहिल्या रांगेत, नवं लुगडं, डोक्यात अबोलीचा गजरा. मी माइकपुढे गेलो. खरं सांगायचं ठरवलं होतं. अगदी शब्दसुद्धा ठरले होते. समोर बायचा चेहरा बघितला आणि तोंडातून निघालं, "प्रकृती जरा बरी नसल्याने आज माझ्याऐवजी मोखाड्याचे कैलास ताफा चालवतील." टाळ्या पडल्या. लोकांनी च्च च्च केलं. अनघाने मान फिरवली. मी खाली उतरून बायच्या शेजारी बसलो. कान गरम झाले होते. सकाळी बांधावर हात जोडणारा माणूस कुठे गेला होता, देव जाणे.

"काय झालं तुला?" बायने विचारलं.

"काही नाही. बस."

"आत्ता त बरा व्हतास."

"अगं बस ना."

स्टेजवर कैलासने आपली तार छेडली. मग एकेकाची लावून घ्यायला लागला. बोट दाखवत नव्हता. नुसता ऐकत होता. जोसेफचं झालं. अनघाने तार वाजवली.

"थोडी खाली आहे," कैलास म्हणाला.

अनघाचा हात खुंटीकडे गेला. मी डोळे फाडून बघत होतो. खुंटी फिरली. खरीच फिरली, किंचित, आणि तिने तार परत वाजवली. कैलासने मान डोलावली. मी कानात सगळा जीव गोळा केला होता, तरी आधीच्या आणि आताच्या सुरात मला काहीही फरक ऐकू आला नाही.

बाय माझ्याकडे वळली. शेतात हाक मारायची सवय असलेला तिचा आवाज, कुजबुजला तरी शेवटच्या रांगेपर्यंत जातो.

"झाला का रं आता बरोबर सूर?"

आमच्या मागे गुरुजी बसले होते, रातकिड्यांवर लिहा म्हणणारे. पाडा बसला होता. स्टेजवर कैलास गज उचलून थांबला होता. मान डोलावली असती तरी भागलं असतं.

"मला नाय माहीत, बाय," मी म्हणालो. हळू बोलायला गेलो, पण कानाने अधू माणसाला आपला आवाज किती मोठा आहे ते कळत नाही. सगळ्या सभागृहाने ऐकलं. "मला ऐकू नाय येत. म्हणून मी वर नाय."

बायने माझ्याकडे नीट बघितलं. मग पदर सावरला आणि स्टेजकडे तोंड केलं.

"मंग गप बस," ती म्हणाली, "मला ऐकू दे."